पडवीतली कुर्ली

पावसाळ्यात आमच्या पडवीत माणसाला पाय ठेवायला जागा नसे. इंजिनांना मात्र हवी तेवढी असे. बंदरातल्या होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या, की त्यांची इंजिनं एकेक करून आमच्याकडे मुक्कामाला येत. बाबा बोटींची इंजिनं दुरुस्त करत. रत्नागिरीच्या बंदरातली तर करतच, पण लांबच्या नाटे बंदरातून निरोप आला तर पान्यांची पिशवी खांद्याला लावून एसटीने तिकडेही जात. समुद्र बंद असतो ते दिवस म्हणजे त्यांची सुगी. एका कोपऱ्यात कुणाचं हेड उघडलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाचे पिस्टन रॉकेलच्या परातीत बुडवलेले. ती परात मूळची आईची, पीठ मळायची. ती पडवीत कशी गेली यावरून दर पावसाळ्यात एक भांडण ठरलेलं असायचं. "ह्या घरात माज्या मिक्सरला धड पलग मिळत नाय, आनि तुमच्या ड्रिलला मात्र मानाचा पाट," असं आई म्हणायची, आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करून ड्रिल सुरू करायचे.

मधूनच एखादं इंजिन धडधडायला लागे आणि फडताळातल्या बरण्या किणकिणायला लागत. मग बाबा एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावत, मूठ कानामागच्या हाडाशी धरत आणि डोळे मिटून घेत. जरा वेळाने म्हणत, "मागचा नोझल रडतोय." आणि उघडून बघावं तर तो रडतच असायचा. इंजिनाच्या बाबतीत बाबा चुकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ ह्या विश्वासातूनच झाला. घरभर डिझेलचा वास, आणि त्यातून वाट काढत येणारा कुळथाच्या पिठीचा आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास. मुंबईची आत्या आली की नाकाला पदर लावून म्हणायची, "वहिनी, तुमच्या भातालासुद्धा डिझेल लागतं हो." आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. तिथे हवा खेळती आहे, फरशी स्वच्छ आहे, आणि दुपारी डबा उघडला की जेवणात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. काय कमी पडतं ते मला ठाऊक आहे, पण सांगायची सोय नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एका मैत्रिणीच्या घरी कॉम्प्युटरवर मी ती गाडी पहिल्यांदा पाहिली. कुठल्याशा परदेशातल्या डोंगरात एक वीतभर लांबीची रिमोटवरची जीप खडक चढत होती. पळत नव्हती, उड्या मारत नव्हती. एक चाक उचलायची, दगड चाचपायची, तिथे टेकायची, मग दुसरं चाक. खडकाच्या अंगाशी अंग लावून, घाई न करता. आमच्या किनाऱ्यावर खडकातून चालणारी कुर्ली, म्हणजे खेकडा, अगदी अशीच चालते. मैत्रिणीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र घरी येताना रस्त्याकडेचा प्रत्येक दगड वेगळा दिसायला लागला. कुठे चाक ठेवलं तर चढेल, कुठे घसरेल. आणि दगडांना आमच्याकडे काय तोटा? रत्नागिरीत जमीन म्हणून जे काही आहे ते जांभ्याचा कातळच. वर चार बोटं माती असली तर नशीब.

अशी गाडी विकत मिळते हे माहीत होतं, पण ती घेण्याचा विचारही मनात आला नाही. आमच्या घरात गोष्टी विकत घेत नसत, जमवत असत. बाबांच्या जुन्या बॅटरीवरच्या ड्रिलची बॅटरी मेली होती, पण मोटर आणि तिच्या पुढची गिअरची डबी शाबूत होती. ड्रिल हळू फिरतं पण जोर भरपूर लावतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. मी बाबांकडे ते मागितलं. त्यांनी विचारलं, "कशाला?" मी सांगितलं, "दगड चढायला." त्यांनी माझ्याकडे बघितलं, ड्रिलकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं." शेजारच्या घरातून एक मोडकी खेळण्यातली जीप मिळाली, तिचे लोखंडी एक्सल घेतले. साध्या गाडीत वळताना एक चाक जास्त फिरतं, एक कमी. खडकावर ते चालत नाही. एक चाक हवेत गेलं की सगळा जोर तिकडेच वाया जातो. म्हणून आतले गिअर डाग देऊन एकमेकांना कायमचे चिकटवून टाकले. चाकं खेळण्यातल्या ट्रॅक्टरची, आत जुन्या स्लिपरांचा स्पंज. स्प्रिंगा बिघडलेल्या प्रिंटरमधल्या. सांगाडा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा, जो मी मोडला, वाकवला, पुन्हा केला, पुन्हा मोडला. रिमोट आतेभावाने, सुमेधने, टाकून दिलेल्या विमानाचा. आत्याने तो एसटीच्या पार्सलने पाठवला, आणि नवी बॅटरी आणि पुढची चाकं वळवणारी छोटी मोटरही मुंबईहून घेऊन त्यातच घातली.

बाबा आधी लांबूनच बघत. मग जवळून. मग एके दिवशी त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला. सगळ्या बापांचं असंच होत असावं. "हे उघडं ठेवलंस? खारं पानी कुठनं शिरंल सांगता येनार नाय," असं म्हणून त्यांनी प्रत्येक सांधा ग्रीसने भरला. मोटरचं तोंड, वायरींची टोकं, त्या मुंबईच्या छोट्या मोटरचं झाकण काढून आतसुद्धा ग्रीस. रिमोटचे इशारे पकडणारा रेडिओचा भाग रबरी फुग्यात घालून तोंड बांधलं. मी म्हटलं, "बाबा, ही समुद्रात नाय जायची." ते म्हणाले, "आज नाय. उद्याचं कोन सांगतो?" आणि मग त्यांनी बॅटरी उचलून मागच्या एक्सलच्या वर ठेवली. "वजन मागं. बोटीत इंजिन मागं, पंखा मागं. नाळ जरा उचललेली हवी, तर पुढची लाट चढते." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. त्यांचं म्हणणं मला इतकं पटलं की मी बॅटरीसाठी मागे पितळी पट्टीची बैठकच बनवली.

पहिल्यांदा परसातल्या कातळावर गाडी नेली तेव्हा सगळं घर बघायला आलं. गाडी निघाली. चढावर आली, नाळ उचलली, आणखी उचलली, आणि पाठीवर पडून चारी चाकं आकाशात फिरवत बसली. मी सुलटी केली. पुन्हा तेच. बाबा म्हणाले चाकं लहान आहेत. मी मोठी लावली. मग आणखी छान उलटायला लागली. मग म्हणाले लांबी कमी पडते. मी सांगाडा लांबवला. मग ती लांबीसकट उलटली. असे कितीतरी दिवस गेले. कॉलेजातून आले की पिशवी टाकायची, गाडी घ्यायची, कातळावर जायचं आणि तिला पाठीवर पडताना बघायचं. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. रडूही आलं एकदा, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी आई परसात वाळत घातलेल्या फणसाच्या आठळ्या उचलायला आली होती. पाऊस भरून आला होता आणि तिला घाई होती. टोपली कमरेला लावून ती कातळाच्या पायऱ्या चढली, वर पोचली, मागे वळून माझी उलटी गाडी बघितली आणि म्हणाली, "चढनीला कोन मागं रेलून चालतं काय गो?" आणि घरात गेली.

मी तिथेच बसले. ती आत्ता कशी चढली ते डोळ्यांपुढे आलं. कमरेत वाकून, डोकं पुढे, सगळा भार पुढच्या पायावर. आम्ही सगळेच चढतो तसं. होडीच्या खाली पाणी असतं. ते पुढून, मागून, सगळीकडून तिला उचलून धरतं. खडक कुणाला उचलून धरत नाही. तो नुसता असतो, वजन आपलं आपण सांभाळायचं. बाबांनी माझ्या गाडीची होडी केली होती, आणि मी, ज्या मुलीने जन्मापासून कातळाशिवाय दुसरी जमीन पाहिली नव्हती, तिने ते मान डोलावून मान्य केलं होतं. आम्हा दर्यावरच्या लोकांशिवाय ही चूक जगात कुणी केली नसती.

मी पडवीत जाऊन बाबांच्या समोरच पितळी बैठक कापून काढली आणि बॅटरी पुढच्या एक्सलवर, जितकी खाली बसेल तितकी खाली बसवली. बाबा बघत होते. "काय करतेयस?" मी सांगितलं. "नाळ बुडवतेस?" मी म्हटलं, "बाबा, ही बोट नाय." एवढंच म्हटलं. पण त्या घरात बाबांना इंजिनाच्या बाबतीत कुणी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी कॉटन वेस्टच्या बोळ्याने हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि म्हणाले, "कर तर. तुला आता सगळं कळतंय." त्यानंतर ते गाडीकडे फिरकले नाहीत. गाडी परसातला कातळ तिसऱ्या प्रयत्नात चढली, मी ओरडले, आई बाहेर आली, आणि बाबा पडवीत हातोडी मारत राहिले. त्या आनंदात मला तेवढं एक बोचत होतं. मी गाडीचं नाव कुर्ली ठेवलं.

नारळी पौर्णिमेला आत्या आली, बाबांना राखी बांधायला, आणि सोबत सुमेध. माझ्याच वयाचा, मनाने सरळ, पण मुंबईचं पाणी प्यायलेला. त्याने बॅगेतून एक चकचकीत गाडी काढली. तयार, विकतची, खडक चढणारी, लाल रंगाची, समोर दिवेसुद्धा. मी त्याला राखी बांधत होते आणि नजर त्या गाडीवर. कुर्ली पाहून तो खूप हसला. "ही काय, ग्रीसमध्ये तळलीस की काय? वैजू, ओवाळणी म्हणून तुला माझी जुनी गाडी पाठवतो, ही टाकून दे." बाबा तिथेच नारळीभात खात बसले होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "वाढ गो जरा भात."

दुपारी सगळा गाव धक्क्यावर. समुद्राला नारळ देऊन झाला होता आणि नारळ लढवणं चाललं होतं. आमच्याकडे ह्या दिवशी हा खेळ असतो. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर हाणायचा. ज्याचा फुटेल त्याने तो समोरच्याला देऊन टाकायचा. पंच म्हणून दामू तांडेल. उभं आयुष्य होडीवर हुकूम सोडण्यात गेलेलं, त्यामुळे धक्क्यावरही त्यांचाच शब्द चाले. आम्ही दोघं तिथे आमच्या गाड्या घेऊन तोंडाने लढत होतो. माझी वर जाईल, तुझी जाईल. शेवटी दामू तांडेल वैतागले. "तोंडाची वाफ कशाला दवडताव? हा समोर कातळ हाय, ही दोन पोरं हायत. नारळाचा कायदा लावा. जो हरंल त्यानं गाडी द्यायची."

सुमेध लगेच हो म्हणाला. त्याला काय, दुसरी आली असती. माझं तसं नव्हतं. कुर्लीत माझा अख्खा पावसाळा होता. हरले तर ती मुंबईला जाणार, चारचौघांत हसण्यावारी नेली जाणार आणि मग कुठल्यातरी माळ्यावर पडणार. आणि त्याहून वाईट म्हणजे बाबा सगळ्यांच्या मागे, हात पाठीमागे बांधून उभे होते. मी हरले म्हणजे बॅटरी मागेच हवी होती असं त्यांच्या मनात कायमचं बसणार. आई हळूच म्हणाली, "नको गो वैजू." मी म्हटलं, "लावा कायदा."

धक्क्याच्या कडेने जांभ्याचा कातळ टप्प्याटप्प्याने देवीच्या पारापर्यंत चढत जातो. पावसाळाभर भिजून त्यावर हिरवं शेवाळ, भोकाभोकांत पाणी, आणि मध्यावर भरतीचं खारं पाणी साचलेलं डबकं. हात लावायचा नाही, उलटली की संपलं. दोघांनी एकदमच निघायचं, आधी पारावर पोचेल तो जिंकला. सुमेधची गाडी सुरुवातीला अशी सपासप गेली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुर्लीला तिच्या चालीने जाऊ दिलं. एक चाक, मग दुसरं. मागून कुणीतरी ओरडलं, "जेवून ये गो तवर!" सगळे हसले. सुमेध डबक्यापाशी पोचला आणि थांबला. त्याच्या गाडीच्या माहितीपत्रकात खाऱ्या पाण्यापासून लांब ठेवा असं लिहिलं होतं, आणि सुमेध वाचून वागणारा मुलगा. तो डावीकडून, वरच्या अंगाने, वळसा घालून निघाला. तिकडे शेवाळ जास्त. त्याने जोर दिला, चाकं जागच्या जागी फिरली, त्याने आणखी जोर दिला, गाडी बाजूला सरकत एका खाचेत जाऊन रुतली. मी कुर्ली सरळ डबक्यात घातली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. बाबांच्या ग्रीसची परीक्षा आता होती. बुडबुडे आले, काहीतरी कुरकुरलं, आणि ती पलीकडून खारं पाणी गाळत बाहेर आली. आता कुणी हसत नव्हतं.

सुमेधही खाचेतून सुटला होता आणि शहाणपणाने हळू चालवायला लागला होता. आम्ही जवळजवळ बरोबरीनेच पाराखालच्या शेवटच्या टप्प्याशी आलो. तो टप्पा म्हणजे गाड्यांच्या मानाने उभी भिंतच, वीतभर उंच. त्याच्या गाडीने चाकं टेकवली, अर्धी वर गेली, शेवाळावरून सुटली आणि खाली आली. सुदैवाने चाकांवर. त्याने पुन्हा सुरू केली. मी कुर्लीची पुढची चाकं भिंतीला लावली. ती चढायला लागली. नाळ वर गेली, आणखी वर गेली, आणि मला परसातले ते सगळे दिवस आठवले. माझा अंगठा रिमोटच्या दांडीवर अडला. मागे घ्यावी की जोर द्यावा? तेवढ्यात गर्दीच्या मागून बाबांचा आवाज आला. बोटीवरच्या माणसाचा आवाज, लाटांवरून जायला शिकलेला. "वैजू! थांबू नको, घाई पन नको! वजन पुढं हाय, ती उलटनार नाय! नाळ टेकंल बघ, जाऊ दे हळूहळू!"

मी तिला जाऊ दिलं. कुर्लीचं पुढचं चाक वरच्या कडेवर आलं. बॅटरीचं वजन कडेच्या पलीकडे गेलं आणि नाळ खाली बसली, जशी बसायला हवी होती तशी, आणि मागची चाकं भिंत खात वर आली. ती पारावर जाऊन उभी राहिली. काय आरडाओरडा झाला! दामू तांडेलांनी हातातला नारळ पारावर आपटून फोडला. आई रडत होती आणि आत्यासुद्धा टाळ्या वाजवत होती, स्वतःचा मुलगा हरलाय हे विसरून. मी नाचले. शब्दशः नाचले, धक्क्यावर, सगळ्या गावासमोर, ओल्या कातळावर अनवाणी. आयुष्यात नंतर पुष्कळ चांगलं झालं, पण तसं नाचणं पुन्हा झालं नाही.

सुमेध आला आणि त्याने लाल गाडी माझ्या हातात दिली. त्याचा चेहरा पडला होता, पण कायदा त्याने पाळला. तेवढ्यात लोक ओरडायला लागले, "फोड! फोड!" कारण नारळाच्या कायद्याचा उरलेला भाग, जो हरण्याच्या धास्तीत मी विसरलेच होते, असा की जिंकलेला नारळ घरी नेत नाहीत. तिथेच पुरता फोडायचा आणि सगळ्यांना वाटायचा, हरलेल्याला आधी. मी दामू तांडेलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कायदा तो कायदा." सुमेधच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, पारावर बसकण मारली आणि गाडी उघडायला घेतली. एकेक स्क्रू काढून सुमेधच्या तळहातावर ठेवत गेले, नारळाची पहिली कातळी द्यावी तसा. वरचं लाल कवच निघालं आणि सुमेध खाली वाकला. इतके दिवस गाडी त्याच्याकडे होती, पण आत काय आहे हे त्याने पाहिलं नव्हतं. "हे काय आहे?" "मोटर." "आणि हे?" "हे गिअर. बघ, कसे लावलेत, किती सुंदर." तो बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पडवीत बसून ती गाडी परत जोडली. हात त्याचे, सांगणं माझं. आणि तो ती मुंबईला घेऊन गेला. पोटभर खाऊन झाल्यावर करवंटी कुणाची याला काय महत्त्व?

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी सगळा गाव माझ्याभोवती वाकून गाडीच्या पोटात बघत होता, आणि त्यांना बाजूला सारत बाबा पुढे आले. उकिडवे बसले. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, नाकावर ठेवला आणि त्या विकतच्या गाडीची बॅटरी कुठे आहे ते बोटाने शोधलं. ती पुढे होती, अगदी पुढच्या एक्सलच्या वर, जितकी खाली बसेल तितकी खाली. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं, मान वर केली, आणि पाराखालच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बघा. फ्याक्टरीवाल्यांनी पन आमच्या वैजूसारखीच लावलीय."